आजोबांच्या पांघरुणाखाली दोन फळ्या

१८ ऑक्टोबर १९६५, सोमवार. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं.
फळ्या उलथवत होतो. पाइनच्या दोन फळ्या, बोटभर जाडीच्या. माझ्या खोलीची जमीन खालून तापवायला दिवसाला एकच कोळशाची वडी मिळते, तेवढ्यानं जमीन कोमटसुद्धा होत नाही. म्हणून फळ्या घरमालकीणबाईंच्या खोलीत ठेवल्या आहेत. चुलीच्या बाजूला जमीन सगळ्यात जास्त तापते, तिथं त्यांच्या सासऱ्यांचं अंथरूण असतं. त्या पांघरुणाखाली. मालकीणबाईंना, म्हणजे सुन-देच्या आईला, सांगितलं आहे की तालमीच्या पाटीचं लाकूड आहे, दमट राहिलं तर रंग धरत नाही. हे पूर्ण खोटं नाही. लाकूड तालमीचंच आहे.
शनिवारी निवड. तायक्वांदो शिकवायला मलेशियाला एक माणूस पाठवायचा आहे. आमच्या चोंगसोल तालमीतून दोन नावं गेली आहेत: प्यो ग्वांग-जिनदादा आणि मी, मेंग इन-सू. दोन फळ्या एकावर एक धरतात, त्या एका लाथेत तोडायच्या.
संकल्प: रोज तीनशे लाथा. गोड बंद. फळ्यांविषयी कुणाशी बोलायचं नाही.
वाळवणं म्हणजे लबाडी नव्हे. मिरच्यासुद्धा वाळवतात.

१९ ऑक्टोबर, मंगळवार.
लाथा ४०. उरलेल्या उद्या. आज वेळ पाटीत गेला. ऑगस्टमध्ये देशातल्या तालमींच्या महासंघानं आपल्या विद्येचं नाव पुन्हा बदललं, पाटी मात्र तशीच होती. सात वर्षांत मी रंगवलेली ही तिसरी पाटी. आधी तांगसुदो, मग तेसुदो, आता तायक्वांदो. एकही चूक नाही. मी माध्यमिक शाळा दुसऱ्या वर्षाला सोडली, पण शुद्धलेखनात मला अजून कुणी पकडलेलं नाही.
ग्वांग-जिनदादा शिडी धरून उभे होते. म्हणाले, इन-सू, नाव बदललं की लाथ बदलते का रे? मी म्हटलं, शिडी हलवू नका. ते म्हणाले, तू मलेशियाला गेलास तर तिकडच्या सगळ्या पाट्या सरळ होतील बघ. थट्टा असावी. पण खरंही आहे.
दादा दिवसा स्टेशनावर सिमेंटची पोती उतरवतात, संध्याकाळी तालीम. वहिनींना आठवा महिना. ओढ्याकाठी फळकुटांच्या एका खोलीत राहतात. मलेशियाचा पगार त्यांना खरोखर उपयोगी पडेल. पण देशाचं काम पगारासाठी करायचं नसतं. या दृष्टीनं मी जास्त योग्य.

२० ऑक्टोबर, बुधवार. दुपारी दोन.
योम गुरुजींनी पुस्तिकेचं काम दिलं आहे. जो मलेशियाला जाईल त्यानं ती बरोबर न्यायची. तिथं आधी गेलेल्या एका शिक्षकांचं पत्र आलंय, लोक विचारतात ही विद्या कुठली, किती जुनी, जपानी कराटेहून वेगळी कशी. उत्तर छापील हवं.
मी विचारलं, किती जुनी लिहू? गुरुजी म्हणाले, दोन हजार वर्षं. मी विचारलं, आधार? ते म्हणाले, राजांच्या थडग्यांत भिंतींवर माणसं झुंजताना काढली आहेत. मी विचारलं, पण गुरुजी, तुम्ही कुठं शिकलात? त्यांनी बराच वेळ चहा ढवळला. चहात साखर नव्हती. मग म्हणाले, तोक्योत. कॉलेजात असताना. सकाळी दूध टाकायचो, संध्याकाळी एका जपानी गुरूकडे झाडलोट करून शिकायचो. लाथा मात्र आपल्या, लहानपणी गावात पाहिलेल्या. मी पेन्सिल उचलली. ते म्हणाले, हे लिहायचं नाही.
'दोन हजार' लिहिलं, खोडलं, 'फार प्राचीन' लिहिलं. इतिहास फुगवणं मला पटत नाही. माणसानं कागदावर तरी स्वच्छ राहावं.
फळ्या दुपारीही उलथवल्या.

२१ ऑक्टोबर, गुरुवार.
आधारासाठी मालकीणबाईंच्या सासऱ्यांना, म्हणजे आजोबांना, विचारलं. वय ब्याऐंशी. म्हणाले, आमच्या गावात सणाला नदीच्या वाळूत पायानं खेळायचे. माझ्या मामानं एकाची टोपी लाथेनं उडवली आणि दारूचा घडा जिंकला. राजेबिजे कुणी नव्हते, पाटलाचा बैल सुटून आला होता एवढं आठवतं. बैल लिहिला नाही.
मग सुनेला हाक मारून म्हणाले, सूनबाई, हे माझ्या अंथरुणातले पाहुणे कधी जाणार? टोचतात आणि बोलत काही नाहीत. सुन-देची आई मला म्हणाली, मेंग, म्हाताऱ्या माणसाची ऊब लाकडाला देतोस, तुझी पाटी एवढी मोठी आहे तरी केवढी? मी म्हटलं, शनिवारी उचलतो. फार लाज वाटली. त्यांना खारवलेली मासळी नेऊन दिली. म्हणजे फिट्टंफाट.
फळी बोटानं वाजवून पाहिली. खणखणीत. कड जरा तपकिरी झाली आहे.
लाथा ०. सामन्याआधी विश्रांती आवश्यक.

२३ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी सात.
जे झालं ते क्रमानं लिहितो.
महासंघाचे तीन गृहस्थ खुर्च्यांवर. रिवाज असा की एका तालमीचे उमेदवार एकमेकांच्या फळ्या धरतात. आधी दादा. त्यांच्या फळ्या मी धरल्या. वखारीतून आणलेल्या ओल्या फळ्या. कडाड. माझ्या मनगटापासून खांद्यापर्यंत मुंग्या आल्या.
मग मी. दादांनी माझ्या फळ्या छातीशी धरल्या आणि क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी ओरडून उडालो. पाय पोचायच्या आधीच दोन्ही फळ्या त्यांच्या हातात पापडासारख्या उभ्या चिरल्या. माझी लाथ दोन तुकड्यांच्या मधून गेली, तिला काहीच लागलं नाही, आणि मी गुरुजींच्या पायाशी बसलो. बसलो म्हणजे आपटलो.
खुर्च्यांवर हसू. मधले चष्मेवाले गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हे काय झालं?
मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. पण दादांनी आधीच कमरेतून वाकून सांगितलं, साहेब, माझी चूक. मी धरताना फळ्या पिळल्या. याची लाथ बरोबर होती.
चष्मेवाले म्हणाले, परदेशात असं धरलंत तर लोकांची बोटं जातील. आणि काहीतरी लिहिलं. माझी लाथ ग्राह्य धरली.
दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांनी तोंड उघडल्यावर मी मध्ये बोलणं उद्धटपणा झाला असता.

२४ ऑक्टोबर, रविवार.
उद्या गुरुजींना सांगणार. आज रविवार.

२५ ऑक्टोबर, सोमवार.
गुरुजींना सर्दी. आजारी माणसाला त्रास नको.
जेवण गेलं नाही. चार डंपलिंग्ज खाल्ली, ती गोडात मोडत नाहीत.

२६ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी अकरा.
महासंघाचा कागद आला. निवड: मेंग इन-सू. दादांच्या नावापुढे शेरा आहे, 'सहकाऱ्याच्या सुरक्षेबाबत निष्काळजी.' स्पेलिंग बरोबर आहे.
गुरुजींनी कागद वाचला, घडी केली, माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, काही बोलायचंय का? मी म्हटलं, पासपोर्टला फोटो किती लागतात? का म्हटलं ते मला माहीत नाही. ते म्हणाले, चार.
विचार करून असं ठरलं: ही नियतीची योजना दिसते. मी मलेशियाला जाईन, पहिल्या पगारातून दादांच्या बाळाला लोकरीचं पांघरूण पाठवीन, आणि दोन वर्षांनी, सगळं शांत झाल्यावर, तिकडून सविस्तर पत्र लिहून खरं सांगीन. पत्रात मी जास्त चांगला बोलतो.

२८ ऑक्टोबर, गुरुवार.
फोटो काढले. फोटोवाला म्हणाला, जरा आनंदी दिसा, परदेशी चाललात ना, जप्तीला नाही. चारही फोटोंत मी एकाच बाजूला बघतोय.
तालीम संपल्यावर दादांनी थांबवून घेतलं. म्हणाले, तिकडे तुझी कडेची लाथ बघून लोक आपल्या देशाला हसतील, ये इकडे. एक तास माझा गुडघा हातात धरून शिकवत होते. त्यांचे हात सिमेंटनं फाटलेत. मी विचारलं, वहिनी कशा आहेत? म्हणाले, रडते अधूनमधून. पोटुशी बायका रडतात, तू पाय वर घे.
मी पाय वर घेतला. खाली पडलो. चक्कर आल्याचं सांगितलं.
रात्रीचं जेवण सुन-देच्या आईनं झाकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. आजोबा आता मोकळ्या अंथरुणात झोपतात. मला पाहिलं की सरकून जागा करतात आणि म्हणतात, पाहुणे गेले रे, तू ये. मला ते सहन होत नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार.
कबुलीजबाब लिहायला घेतला. प्रस्तावना, लाकडाचे गुणधर्म, कोळशाची टंचाई, माझं बालपण, युद्धात बंद पडलेली शाळा, मग घटना. अकरा पानं. लगेच स्वच्छ प्रत करायला घेतली. चौथ्या पानावर शाई पडली, उद्या पुन्हा पहिल्यापासून.
घाईत कबुली दिली तर चुका राहतात.

१ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी नऊ.
गुरुजींना अकरा पानं दिली. त्यांनी वरचं पान बघितलं, खालचं बघितलं आणि टेबलाच्या खणातून फळीचा एक तुकडा काढून पानांवर ठेवला. तपकिरी कड माझ्याकडे.
म्हणाले, पडलास तेव्हा हा माझ्या पायाशी आला. ऊन होता. थंडीच्या दिवसांत ऊन फळी. नऊ दिवस मी वाट बघतोय, आणि तू फोटो काढून आलास.
मी विचारलं, मग तुम्हीच का नाही सांगितलंत? ते म्हणाले, मी सांगितलं तर तालमीची अब्रू जाते. ग्वांग-जिननं सांगितलं तर तो धाकट्यावर ढकलतो असं दिसतं. तू सांगितलंस तरच ते सांगणं. महासंघ तुझ्या सहीशिवाय नाव बदलणार नाही, आणि फॉर्म उद्या दुपारी परराष्ट्र खात्यात जातोय.
मी म्हटलं, ही अकरा पानं पाठवू? म्हणाले, चष्मेवाले तिसऱ्या पानावर झोपतील. एक ओळ लिही.
लिहिली. 'माझ्या फळ्या मी तापत्या जमिनीवर वाळवल्या होत्या. प्यो ग्वांग-जिन यांची काही चूक नाही.' नऊ दिवस आणि एक ओळ. शुद्धलेखन तपासलं. सही केली.
मी उठलो तेव्हा गुरुजींनी पुस्तिकेचा मसुदा मागितला. वाचला. तिसऱ्या पानावर 'फार प्राचीन' होतं, त्याच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: 'लेखक-गुरू तोक्योतही शिकले.' 'लेखक-गुरू' असा शब्द नाही. मी तो तसाच राहू दिला.

३ नोव्हेंबर, बुधवार.
नाव बदललं. दादा जाणार, वीस तारखेला.
आधी मला वाटलं होतं की ते माझे खांदे धरतील, आम्ही दोघे रडू, वहिनी भाताची पेज वाढतील. मी भाषण तयार केलं होतं. ओढ्याकाठी गेलो तर दादा दारात बसून बूट शिवत होते.
म्हणाले, फळी हातात घेतली तेव्हाच कळलं, ऊन भाकरीसारखी होती. धाकट्याची चूक मोठ्यानं अंगावर घ्यायची, ते मी केलं. मला वाटलं संध्याकाळपर्यंत येऊन घेऊन जाशील. तू ती दहा दिवस माझ्याच अंगावर ठेवलीस, आणि वर माझ्याकडून लाथ शिकलास.
मी म्हटलं, दादा, मी अकरा पानं लिहिली होती. ते म्हणाले, आता दादा म्हणू नकोस काही दिवस. बूट शिवत राहिले. आतून वहिनींनी विचारलं, कोण आहे? ते म्हणाले, पाटीवाला.
परत येताना लोकरीचं पांघरूण आठवलं. पगारच नाही.

५ नोव्हेंबर, शुक्रवार.
गुरुजींनी काळा पट्टा मागून घेतला. म्हणाले, सोमवारपासून पांढरा, पहिल्या वर्गात, शेवटच्या रांगेत. किती दिवस ते विचारलं नाही.
एका अर्थी हा सन्मान आहे. मोठमोठे लोक पुन्हा मुळापासून सुरुवात करतात. पहिल्या वर्गाला माझा अनुभव मिळेल. नवख्यांना मूठ कशी वळायची, उभं कसं राहायचं, हे मी हळूच दाखवू शकेन. संकल्प: कुणालाही कमी लेखायचं नाही.

८ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी आठ.
पहिला वर्ग. पांढरा पट्टा दोनदा सुटला. माझ्या शेजारी टपाल खात्यातले एक गृहस्थ, वय एकावन्न, डॉक्टरांनी पोटासाठी पाठवलेले. त्यांचा दुसराच आठवडा.
त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, अहो, अंगठा आत नाही धरायचा, मोडेल. बाहेर ठेवा. असा.
त्यांचं बरोबर होतं.