माझा झोपलेला एक्स

१२ ऑक्टोबर २००९, केशोरी
रेल्वेच्या मेडिकलमध्ये नापास. लेखी पास, धावणं पास, आणि ठिपक्यांच्या पुस्तकात अडकलो. ठिपक्यांत म्हणे आकडे असतात. मला नुसती घामोळं आलेली पाठ दिसली. शी! छपाईच भिकार. महिन्यानं फेरतपासणी. घरी सांगायचं नाही.

१४ ऑक्टोबर
बाजारातून टमाटर आणले. आई म्हणे, हे कच्चे हिरवे कायले आणलास? दुकानदारानं फसवलं. लोक फार हलकट झालेत.

२० ऑक्टोबर
पुष्पांजली, धाकटी बहीण, गोंदियात बी.एस्सी. करते. दिवाळीला आलीय. एका मित्राचं आहे म्हणून विचारलं. म्हणाली, रंग न दिसण्याचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, आईकडून येतो. मग आईला काऊन दिसते सगळं? तर बाईत एक्स दोन. गर्भातच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते. कोणता, ते नशिबावर. बंद होणारा एक्स स्वतःच धागा काढतो, अंगभर गुंडाळतो आणि झोपतो. त्या पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशींत मग तोच झोपलेला. आपल्या तलावाला पाणी सोडायच्या दोन मोऱ्या नाहीत का, म्हणे, धानाच्या काही बांध्या हिच्या पाण्यावर, काही तिच्या. तसा आईचा डोळा, चांगला एक्स चालू असलेल्या पेशींवर भागतं.
समजलं! माझा चांगला एक्स झोपून राहिला आहे. आमच्या पणजोबांनी तलाव बांधले, बंद मोरी उघडणं रक्तातच आहे. ती पुढंही सांगत होती, पण मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ सुरू झाला. निघालो.

२१ ऑक्टोबर
उद्यापासून पहाटे पाच. कारल्याचा रस.

२२ ऑक्टोबर, सकाळी ९:४०
उठलो. प्यालो. ओकलो.

३ नोव्हेंबर
सालेकशाला जडीबुटीवाल्याकडे निघालो. फाटकावर मालगाडीचे डबे मोजत बसलो. अठ्ठावन्न. रेल्वेचा सिग्नलही बघितला. खालचा दिवा लागला की थांबायचं, वरचा लागला की जायचं. रंग पाहिजेच कायले? संध्याकाळी लेप मिळाला. सडक्या झिंग्यांचा वास. थू!

९ नोव्हेंबर
लेपानं डोळे सुजले. चांगली खूण, एक्स कूस बदलतोय. आई म्हणे, डोळे लालभडक होऊन राहिले ना रे! आरशात पाहिलं. तसं काही नव्हतं.

१२ नोव्हेंबर
फेरतपासणी. तेच पुस्तक. तीच पाठ.

१३ नोव्हेंबर
पुष्पांजलीला फोन केला. मित्र मीच, असं सांगितलं. म्हणाली, दादा, ते तर आईनं टमाटरांचं सांगितलं तेव्हाच कळलं होतं. मग दंडारीपायी राहिलेलं ऐकवलं. पुरुषाला एक्स एकच. एकच असला की पेशी तो बंद करत नाही. विचारलं, मग माझ्यात झोपलेलं काहीच नाही? नाही म्हणे, दादा, आहे तेवढं सगळं चालू आहे.
म्हणजे हा मी. सगळा चालू असताना, एवढाच. शी.
आईनं आज टमाटर आणायला बाबाला पाठवलं.