देवघरातली दमयंती

मी, माणिक विद्याधर तेंडोलकर, वय एकोणऐंशी, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार घाटकोपर पूर्व, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहिते. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. शंका असल्यास सुनेला विचारावे.

माझे रंग, ब्रश आणि चित्रांची पुस्तके मुलगी अबोली हिला.

देवघरात राजा रविवर्म्याच्या चित्राची जुनी छापील प्रत आहे. सासूबाई कै. प्रेमाबाई यांनी ती मालवणहून आणली आणि हंस दिसला म्हणून सरस्वती समजून पुजली. काचेवर रोज हळदकुंकू. मी नवी नवरी, त्यात चित्रकला शिकलेली, मला राहवले नाही. म्हटले, वीणा कुठे आहे? ही दमयंती, हंस तिला नळाविषयी सांगतो आहे. कशी थबकली आहे बघा, सगळ्या अंगाचा कान झाला आहे.

सासरे बोटीवर गेले ते परतलेच नव्हते. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा उघडला, म्हणाल्या, "देवी नाय तर नाय. वाट बघणाऱ्या बाईक कोणीतरी कुंकू लावूक व्हया." आणि लावले. तेव्हापासून मीही लावते.

माझा मुलगा मुकुल कॅनडाला गेला, बायकोला मागाहून बोलावतो म्हणाला. चार वर्षे झाली. आता फोन करतो तो इमारतीचा पुनर्विकास कुठवर आला हे विचारायला. त्याची आठवण येते, रागही येतो. त्याला आशीर्वाद, घर नाही.

सून अस्मिता हिच्याशी माझे पटले असे शेजारीसुद्धा म्हणणार नाहीत. तोंडाने फटकळ. मला आंघोळ घालते तीही भांडत भांडत. हल्ली संध्याकाळी हातात फोन घेऊन त्या चित्रापुढे उभी असते. परवा म्हणाली, "आई, हे मला द्याल ना?"

तर चित्र अबोलीने न्यावे, चांगल्या उजेडात लावावे, कुंकू पुसू नये. अस्मिताला ते मिळणार नाही. सासूबाईंचा जन्म वाट बघण्यात गेला, हिचा जाऊ नये. तिला हे राहते घर, पुनर्विकासात मिळणाऱ्या जागेसकट, एकटीच्या नावावर द्यावे.

मुकुल परत आलाच, तर त्याने बेल वाजवावी आणि तिने हो म्हटले तरच आत यावे.

सही: माणिक वि. तेंडोलकर

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. अंबादास गोवेकर, शेजारी
२. डॉ. मानसी राजाध्यक्ष

घाटकोपर, ९ फेब्रुवारी २०२५