बुडालं त्ये बियानं

२८ जून १९७०
डायरी जानेवारीपासून कोरी पडलीय. आजपासून रोज लिहायचं. ठरलं.

दुसरं बी ठरलं. यंदा माझे दोन एकर मीच पेरनार. मालक गेल्यापासून आप्पासाहेब भाऊजी वाट्यानं करतात. भाऊजी म्हंजी माझे धाकटे दीर. अर्धी बाजरी माझ्या घरी टाकली म्हनतात. पोती त्यांनीच भरायची, अर्धं बी त्यांनीच ठरवायचं.

सांगितलं तर म्हनले, वहिनी, जमलं तर जमीन तुमच्याकडं. न्हाई जमलं तर पुन्हा पेरायला माझी पाभर, मग कुरकुर ऐकनार न्हाई. मी गिरनीवर चार बायांसमोर म्हनले, चालंल की. वर आनि म्हनले, बाजरी कमरेला लागूस्तवर चांगुनाच्या हातचा च्या पिनार न्हाई.

चांगुना माझी जाऊ. तिचा च्या तसाबी सोडन्यासारखाच असतो.

६ जुलै, सांजच्याला
मधी लिहायचं राहिलं. काम लई.

आज शाळेत गेल्ते. सायन्सचे विष्णुपंत गुरुजी मोठ्या मानसांना दावनार हुते, हायब्रीड बाजरीचं बियानं मिठाच्या पान्यात कसं निवडायचं. पोरांच्या बाकावर बसले. निम्मी मावले. मी चौथी पास हाय, सातवीचं सायन्स मला काय जड?

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, घनता म्हंजी वस्तुमान भागिले आकारमान. मग एका मापाचा लोखंडाचा तुकडा आन लाकडाचा तुकडा पान्यात सोडला. एक बुडाला, एक तरंगला. म्हनले, आकार सारखा हाय, वजन न्हाई. बाजरीचं बी तसंच. भरीव दाना बुडतो, पोकळ आन रोगट वर येतो. साध्या पान्यात पोकळ बी फसवून बुडतं, म्हनून मीठ घालून पानी जड करायचं. धा लिटर पान्याला दोन किलो मीठ.

मी इचारलं, गुरुजी, आमच्या भाऊजींना हिरीत सोडलं तर डोकं वर ऱ्हाईल का?

सगळी शाळा हसली. चांगुना बी पदरात हसली. गुरुजींच्या हातचा खडू पडला. असा डाव साधला की बसून ऱ्हायचं नसतं. मी उठले आन निघाले. गुरुजी खिडकीतून वरडत हुते, रतनबाई, पुढं ऐका, मग तीन पान्यांनी स्वच्छ धुवा!

काय हे सोवळं! मिठाला हात लागला तरी तीनदा धुवायचे. बरं बाबा, धुईन.

९ जुलै
बियानं निवडलं. बघायला लंकाबाई आल्ती. तिचं रान माझ्या बांधाला लागून हाय. चांगुना बी आल्ती, भाऊजींना बातमी द्यायला.

तराजू न्हाई, पन अडलं न्हाई. किलो म्हंजी आपला शेरच, लिटर म्हंजी बी शेरच, नावं तेवढी सरकारनं बदलली. म्हनून एकाच मापट्यानं धा पानी, दोन मीठ. खडेमीठ हुतं, मापट्यात फटी ऱ्हात्यात, म्हनून वर शीग लावली. हिशोब पक्का.

घंगाळात पायलीभर बाजरी ओतली. मूठभर सुद्धा वर आली न्हाई. चांगुना म्हनली, झालं का जाऊबाई सायन्स? मग मी आनखी मीठ घातलं. मग आनखी. तवा कुठं वर साय धरल्यावानी दाने आले. लंकाबाईनं तोंडावर हात ठेवला.

वरचं पोकळ चाळनीनं काढलं आन मोरीच्या तोंडाशी फेकलं. बुडालेलं रातभर तसंच ठेवलं. गुरुजी पाचच मिन्टं म्हनले हुते, पन चांगलं काम हाय तर कंजूषी कशाला?

१० जुलै
बियानं पान्यातनं काढलं, वाळवलं. हात तीनदा धुतले. घंगाळ बी तीनदा धुतलं, गुरुजींचं मन राखायला.

११ जुलै
पेरलं. पाभर गावातल्या कारभारी गड्याची मागून आनली, चाड्यात बी सोडनारी मूठ माझी. दाना कसा पांढरा पांढरा चमकत हुता! भाऊजी बांधावर उभे. म्हनले, वहिनी, सरळ चालली हो पाभर. पोटात दुखत असनार.

१६ जुलै
लंकाबाईचं उगवलं. तिनं काय बी निवडलं न्हवतं. हलकं बियानं, हलकेपनानं वर आलं. माझा दाना जड हाय. जड मानसाला उठायला टायम लागतो तसाच दान्याला लागनार. हे सायन्स हाय, लंकाबाईला समजायचं न्हाई.

२० जुलै
उकरून पाह्यलं. दाने जागेवरच हायेत. म्हंजी कुठं गेले न्हाईत.

पाऊस बेताचा हाय. तेच कारन. लंकाबाईच्या रानात बी तेवढाच पडला म्हनतात, पन कुनी मोजलाय?

शिंगनापूरला शनीला तेल वाहीन म्हनले. उगवल्यावर.

२३ जुलै
मोरीपाशी गवत लई माजलंय. दिसायला बाजरीवानी हाय. पन ती तर पोकळ, तरंगलेली. उगवनं शक्यच न्हाई. घनताच न्हाई तिच्यात. उद्या उपटायचं.

२६ जुलै
उपटायचं राहिलं. कंबर धरली हाय.

भाऊजी तिकडनं गेले. रानाकडं पाह्यलं, टोपी नीट केली आन पुढं गेले. टोमना मारला असता तर बरं वाटलं असतं.

२ ऑगस्ट
विष्णुपंत गुरुजी वाटंत भेटले. म्हनले, कशी काय बाजरी? म्हनलं, गुरुजी, तुमचं सायन्स जरा हळू चालतंय. सगळं इचारून घेतलं त्यांनी. मग म्हनले, बियानं किती पान्यांनी धुतलं?

म्हनलं, हात तीनदा धुतले.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हनले, रतनबाई, मीठ बियान्यावरनं धुवायचं हुतं. खारट दाना उगवत न्हाई. तेवढंच सांगाया खिडकीत आल्तो.

घरी आले. मोरीपाशी उभी ऱ्हायले. आंघोळीचं, भांड्याचं पानी रोज त्या पोकळ दान्यांवरनं गेलं. तीनदा कशाला, चांगलं तीनशेदा धुतलं असंल त्यांना.

७ ऑगस्ट
सकाळी भाऊजी आले, पाठीमागं चांगुना. मी म्हनलं आता जमिनीचं काढनार. म्हनून आधीच तोंड उघडून तयार ऱ्हायले, दोन टोले मनात हुते.

भाऊजी जमिनीचं बोललेच न्हाईत. मोरीपाशी गेले. बाजरी त्यांच्या कमरेला लागली हुती. गुडघे टेकले, एक पान बोटांत धरलं आन लई अदबीनं म्हनले, वहिनी, यंदा ही मोरी मला वाट्यानं द्या.

चांगुना हसून हसून खाली बसली.

भाऊजींच्या बोलन्याला मी बी हसले. लगीन होऊन या घरात आल्यापास्नं पहिल्यांदा.

भाऊजी म्हनले, रानात हुलगा टाकू, अजून टायम हाय. पाभर मी धरतो, मूठ तुमी धरा. बियानं मात्र मी आनतो.

बाजरी कमरेला लागली हुती, मग बोलल्याप्रमानं च्या प्यायला हरकत न्हवती. त्यांच्याकडं गेले. दोन कप प्याले.

साखर मात्र चांगुनानं मापट्यानं, वर शीग लावून घातली असनार.