एक फाटक द्या

३ सप्टेंबर १९८४, वाने-आयकेल, पश्चिम जर्मनी
फाटक जाणार! रेल्वेचा कागद एवाल्डनीच आणून दाखवला — खालून भुयारी रस्ता होतोय, महिनाअखेरीला फाटक बंद. अकरा वर्षं हा माणूस फाटकाच्या खोलीत, समोर फ्राइजच्या टपरीत मी. "आणि तुम्ही?" विचारलं. म्हणाले, "मला घरी बसवतायत, पियोंटेकबाई." घर म्हणजे बोखुमला, बहिणीकडे. परत येणार का, हे विचारायचा धीर झाला नाही.

५ सप्टेंबर
घंटा वाजली की फ्राइज दुसऱ्यांदा तेलात सोडायच्या. गाडी जाईस्तोवर खमंग होतात, आणि अडकलेली माणसं खिडकीशी येतात. आता घंटाच नसेल तर मी काय करू?

११ सप्टेंबर
एक मास्तर आले, वही घेऊन. टोमॅटो सॉस आणि मेयोनिज घातलेल्या फ्राइजना 'फाटक' का म्हणतात? म्हटलं, समोर बघा की — दांडा लाल-पांढरा! "पण पहिल्यांदा म्हणालं कोण?" रांगेतला ब्रूनो म्हणाला, "डॉर्टमुंडवाले म्हणतात आमचं, आम्ही म्हणतो आमचं. लिहा काहीही!"

माझ्या खिडकीपुरतं मला ठाऊक आहे. मास्तरांना नाही सांगितलं. माझा नवरा योआखिम खाणीत मेला आणि महिन्याभरात मी ही टपरी उघडली. कसलं तोंड असेल माझं! एवाल्ड आले, दांड्याकडे बोट दाखवून अगदी गंभीरपणे म्हणाले, "एक फाटक द्या. पण जरा लवकर उघडा." मी हसले. तेव्हापासून रोज "एक फाटक," आणि मी हसतेय का ते बघत उभं राहायचं.

२८ सप्टेंबर
दांडा उतरवला. एवाल्डनी सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी सर्वांत शेवटी. मी म्हटलं, "सांभाळून जा." एवढंच सुचलं मला, मूर्ख बाईला!

१ ऑक्टोबर
घंटेची वाट बघत राहिले. गाडी गेल्यावर भानावर आले, आणि ब्रूनोला एकदाच तळलेल्या, पांढऱ्याफटक फ्राइज दिल्या. बिचारा गुमान खाऊन गेला.

६ ऑक्टोबर
नाही आले.

१० ऑक्टोबर
एवाल्ड आले! बोखुमहून, ट्रामनं. मी न विचारताच फाटक पुढे केलं. त्यांनी हळूच बाजूला सारलं. "पियोंटेकबाई, मेयोनिज मला कधीच आवडलं नाही. तुम्ही हसायचात म्हणून खात होतो. आता रोज यायचं म्हणतोय — नुसत्या सॉसवर चालेल का?"

चालेल म्हटलं. हसू नाही आलं, रडूच आलं.