गोचिडाचं औषध

बीड, दवाखाना
१४ डिसेंबर

चि. धनश्री,

आशीर्वाद. तुम्ही दोघं उसाच्या फडावर सुखरूप असाल. इकडे थंडी वाढली आहे. सासूबाईंचा गुडघा तसाच. तुझ्या शेळीला दोन करडं झाली.

आपल्या गल्लीतला उत्तरेश्वर उद्या तुमच्या टोळीकडे निघतोय, त्याच्या हाती हे देते. परवा फोनवर मी तुझ्या उजीला ताप आहे म्हणाले. ताप नव्हता. ती शुद्धीवर आहे, बोलते. नाकाला ऑक्सिजनची नळी आहे.

गोचिडाचं औषध तिच्या पोटात गेलं.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. एक डबा पाच घरांत वाटून घ्यायचा, ज्यानं त्यानं आपली बाटली न्यायची. घरातून शरबताची बाटली गेली. शेळ्यांना लावून उरलेलं औषध तिच्यातच राहिलं. बाटली माठाशेजारी होती.

सासूबाई ओरडल्या, "मिठाचं पाणी पाज गं, ओकू दे समदं!" मी उजीचं नाक दाबलं आणि तांब्या तोंडाला लावला. ती हातपाय झाडत होती, ओकत होती. दुसऱ्या तांब्याला गावची आशाताई सत्यशीला धावत आली. "ओकवू नका! छातीत जाईल तिच्या. कपडे काढा, अंग धुवा. आन् बाटली घ्या संगं, डाक्टरला दाखवायला."

बाटली सापडत नाही, असं मी सांगितलं.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, काय प्यायली? मी म्हणाले, माहीत नाही. सत्यशीलाही तेवढंच सांगू शकली, शेळ्यांचं काहीतरी. मग उजीचे ओठ निळे पडले. तेव्हा मी उत्तरेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, उकिरड्यात बघ, डाव्या अंगाला. तो मोटारसायकलवर जाऊन घेऊन आला. त्यात दीड तास गेला.

ओकताना औषध फुफ्फुसात उतरलं, असं डॉक्टर म्हणतात. अजून दोन दिवस बघू म्हणतात.

उत्तरेश्वर सांगतो, गल्लीत सगळे सासूबाईंना बोलतायत. "म्हातारीला दिसत न्हाई तर औषधाच्या बाटलीला कशाला हात लावावा?" छबुबाई तर दारात येऊन बोलून गेली.

बाटली मी नेली होती. माठाशेजारी मीच ठेवली. उकिरड्यात मीच खुपसली.

बजरंग भाऊजींना हे वाचून दाखव. मुकादम सोडत नसेल तर त्यालाही दाखव. पण या.

आज सकाळी उजीनं पाणी मागितलं. मी पेला पुढे केला. तिनं तोंड मिटून घेतलं. मी म्हणाले, "पी माय, साधं पाणी हाय." मान भिंतीकडे वळवून म्हणाली, "तू न्हाई. सिस्टरला बलाव."

सिस्टरच्या हातून प्यायली. मी दाराबाहेर बसून हे लिहिते आहे. आत जात नाही.

लवकर ये.

वनमाला