शेवटचं कोण?

एनेइदा मावशी,

तिकडे सोव्हिएत देश मोडला आणि इकडे क्युबात, आपल्या सिएनफुएगोस गावात, ताटातला पाव गेला. मी तेव्हा पहिलीत होते. दुकानाच्या रांगेपाशी पोचलो की तू मलाच पुढे ढकलायचीस. "विचार, शेवटचं कोण? लाजतेस काय, लाजून पाव मिळतो होय?"

कुणीतरी हात वर करायचं. मग त्याच्यामागे आपला नंबर धरून, त्या अनोळखी माणसाच्या भरवशावर आपण खुशाल सावलीत बसायचो. आपली जागा कधीच गेली नाही. माणसांवरचा माझा विश्वास त्या उपाशी दिवसांनी दिलेला आहे, आणि तू.

काल हवानाहून पोचले, तर तुझ्या अंत्यदर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आलेली. सख्खी भाची असून पुढे घुसले नाही. मागून एक म्हातारा धापा टाकत आला. "शेवटचं कोण?"

मी हात वर केला. "मी. तुम्ही सावलीत बसा, काका."

तुझ्यामागे रांगेत,
यामिला