निळी चादर आणि जुनं मशीन

३ मार्च
परत ओले! तीन तास मशीन चाललं आणि टॉवेल पिळून घ्यावे असे बाहेर आले. बारा वर्षांचं झालंय. धुतंही तेच, सुकवतंही तेच, आणि आता दोन्हीचा कंटाळा आलाय त्याला. ह्यांचं एकच — "टाकून दे. नवीन घेऊ, नुसतं काचेवर बोट लावायचं."

५ मार्च
मेकॅनिक आला. खालचा फिल्टर उघडला तर फरशीभर पाणी आणि मुठीएवढा निळ्या धाग्यांचा गोळा! मागच्याच महिन्यात मी स्वतः साफ केला होता. "वहिनी, दिवसातून दोनदा लावता का?" काहीतरीच! आम्ही संध्याकाळी एकदाच लावतो.
घरात निळं काय आहे? सासू-सासऱ्यांच्या पलंगावरची चादर. पण ती तर मी रविवारी बदलते.

६ मार्च
अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले. मशीनसमोर स्टुलावर सासरे बसलेले, आत निळी चादर गरगर फिरतेय. मला बघून गडबडून उठले. "माझंच वय झालं गं. झोपेत कळत नाही. पोराला सांगू नकोस."
ज्या माणसाने कधी कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही! मला भरून आलं. आणि बोलले काय, तर — "बाबा, चादर आणि अभ्रे एकदम घालू नका. धुतं सगळं, पण सुकवतं निम्मंच."
बटणाशेजारी त्यांनी पेनानं दोन खुणा करून ठेवल्यात.

९ मार्च
हे नव्या मशीनचा कागद घेऊन आले. मी चक्क भांडले. हे म्हणाले, "एका डब्यासाठी एवढा तमाशा?" कारण सांगायची सोय नाही. त्या काचेवर बाबा खुणा कुठे करणार? पोरालाच विचारावं लागेल, आणि ते मरतील पण विचारणार नाहीत.

१२ मार्च
हीटर गेला! मेकॅनिक म्हणे पार्ट मिळत नाही. म्हटलं, भंगारात शोधा, पण आणा.

१४ मार्च
आणला! दाराचं रबरही बदलून घेतलं. टॉवेल खडखडीत वाळले. बाबा जाता जाता म्हणाले, "बरं चाललंय हो आता." एवढंच.

१७ मार्च
बाबा शनिवारपासून त्यांच्या बहिणीकडे गेलेत. काल पलंगावर धुतलेली चादर मीच घातली. आज डोकं दुखत होतं म्हणून लवकर आले, तर सासूबाई मशीनसमोर उभ्या — हातात तीच चादर, ओली. मान वर न करता म्हणाल्या, "हे कुठल्या खुणेवर लावतात गं?"